उलट्या पावलांची जागा

आमच्या गावात गडगा नसलेली जमीन म्हणजे धनी नसलेली जमीन. जांभ्याचे दगड एकावर एक रचून घातलेली कमरेएवढी भिंत, ना चुना ना सिमेंट. पण ती ओलांडून शेजाऱ्याच्या बागेतली काजूची एक बी उचलली तरी दोन घरांचं बोलणं बंद. मी अशा गडग्यांमध्ये वाढले. भाताचे कुणगे, म्हणजे छोटी खाचरं, काजू, आंब्याची चार कलमं आणि बाजाराला जवळचं कट्टा गाव. समुद्र तिथून एसटीने तासाभरावर, पण आम्ही वर्षातून दोनदा जायचो, एकदा जत्रेला आणि एकदा मुंबईचे पाहुणे आले की त्यांना दाखवायला. गुडघाभर पाण्यात उभं राहून किंचाळायचं आणि परत यायचं, एवढीच माझी दर्याशी ओळख.

पुण्यात वास्तुरचना शिकायला गेले आणि मी मालवणची झाले. कट्टा सांगितलं की समोरचा कोऱ्या चेहऱ्याने बघायचा. मालवण म्हटलं की लगेच डोळे चमकायचे, सोलकढी, किल्ला, सुरमई सगळं निघायचं. खोटं नव्हतं, तालुका तोच. पण हळूहळू मी वाऱ्याबद्दल आणि भरती-ओहोटीबद्दल अशा थाटात बोलायला लागले, जसा काही माझा जन्मच होडीत झाला होता. कोणी हटकलं नाही आणि मीही थांबले नाही.

त्यामुळे आमच्या टीमला मालवणच्या उत्तरेकडच्या एका मच्छीमार वाडीचा किनारा सुधारायचं काम मिळालं, तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आम्ही चौघं होतो. सर, म्हणजे आमचे प्रमुख, पन्नाशीचे आणि कधीही न चिडणारे, त्यामुळे दुसऱ्यांना चिडायला लावणारे. सोलापूरचा एक इंजिनिअर, ज्याला नेमकी गंभीर बैठकीतच भूक लागायची. एक झाडांची जाणकार, कमी बोलणारी. आणि मी, किनाऱ्याची तज्ज्ञ.

काम सुरू करण्याआधी सरांनी आम्हाला दोन दिवस एका खोलीत बसवलं. काय बांधायचं ते नंतर, आधी आपण कशाला मानतो ते ठरवा, म्हणाले. भरपूर वाद झाले, चहाचे कप साठले आणि शेवटी चार वाक्यं उरली. माणूस मध्यभागी. निसर्गाशी भांडण नाही. किनारा सगळ्यांचा. पुढच्यांसाठी काहीतरी शिल्लक. शब्द माझे होते आणि मला त्यांचा फार अभिमान होता. निळ्या अक्षरांत छापून तो कागद आम्ही ऑफिसच्या भिंतीवर लावला. येणारा-जाणारा वाचायचा आणि मान डोलवायचा.

पाहणीला आम्ही गेलो ते श्रावणात. होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेल्या, जाळी खोपीत, वाळूवर दोन कुत्री आणि एक म्हैस. किनाऱ्याच्या दोन्ही टोकांना खडप, म्हणजे पाण्यात शिरलेले काळे दगड, आणि मध्ये लांबच लांब स्वच्छ वाळू. ना कुंपण, ना खुंटी, ना गडगा. सरांनी विचारलं, "ह्या मधल्या भागाचा वापर काय होतो?" मी किनाऱ्याच्या पोरीला शोभेल अशा बेफिकिरीने म्हणाले, "काही नाही सर, मोकळीच असते." आणि नकाशावर त्या वाळूला तिरक्या रेघा मारून लिहिलं, 'वापरात नाही'.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, सुचलं नाही. गडग्यात वाढलेल्या डोळ्यांना मोकळी जागा म्हणजे रिकामी जागाच दिसते. त्या 'वापरात नाही'वर मी पुढचे दोन महिने खपून एक देखणा चौक काढला. पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, सूर्यास्ताकडे तोंड केलेली बारा बाकं, बाकांमध्ये दिव्यांचे खांब. सरकारी कार्यालयात तो दाखवला तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवून दोनदा 'छान' म्हटलं. तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि मी घरी पेढे नेले.

दिवाळी उरकल्यावर वाडीतल्या शाळेत ग्रामस्थांची सभा झाली. भिंतीवर पडदा लावून सरांनी आधी आमची चार वाक्यं वाचली, मग माझा चौक रंगांत दाखवला. बाकांवर माणसं बसलेली, एक बाई आइस्क्रीम खातेय, फुगा उडतोय. सगळे पडद्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, भारावले.

मग मागच्या बाकावरून एक म्हातारी उठली. बारीक, वाकलेली, बाजूला मासळीची रिकामी पाटी. उठताना तिने दोन्ही हात गुडघ्यांवर दाबले.

"ता सगळा बरा आसा," ती म्हणाली. "पण रापण खंय ओढतलंव?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रापण मी लहानपणी एकदा लांबून पाहिली होती. अर्ध्या गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, एवढं माहीत होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हणाले, "मावशी, एवढा मोठा किनारा आहे. थोडं बाजूला सरकून ओढता येईल की."

आधी एक जण हसला, मग सगळा वर्ग. बाकांवर हात आपटून हसत होते. म्हातारी तेवढी हसली नाही. तिने शेजारणीला विचारलं, "ह्या चेडू खंयचा गो?"

"कट्ट्याकडचा."

"तरीच!" म्हणाली आणि खाली बसली.

आयुष्यात मला पुष्कळ शिव्या बसल्या आहेत, पण त्या एका 'तरीच'इतकी कुठलीच लागली नाही. मला संताप आला. सगळ्यात जास्त संताप ह्याचा, की बाई बरोबर बोलत होती.

रापणीचा म्होरक्या, ज्याला सगळे तांडेल म्हणत, तो दाराशी उभा होता. साठीचा, रुंद खांद्यांचा, एकेक शब्द तोलून बोलणारा. त्याने आम्हाला शांतपणे सांगितलं. होडीतून जाळं अर्धगोल टाकतात, त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर येतात आणि पंधरा-वीस माणसांच्या दोन टोळ्या त्या ओढतात. पाण्याच्या कडेपासून मागे मागे चालत वर माडांपर्यंत जायचं, दोरी सोडायची, पुन्हा पाण्याकडे जाऊन पुढून दोरी धरायची. आणि हे त्याच वाळूवर का, तेही सांगितलं. "थयसरच कित्याक? खाली रेव, नुसती वाळू आसा म्हणान. दोनय बाजूक खडप. थय जाळा टाकला तर फाटान जायत." मग पडद्यावर चौकाच्या चित्राच्या माथ्याशी लिहिलेल्या निळ्या वाक्याकडे बोट केलं. "साहेबानू, माणूस मधी म्हणतास. मगे मधी बाकडी कित्याक?"

परतीच्या वाटेवर गाडीने घाट चढायला घेतला. मग सोलापूरकर म्हणाला, "माणूस मध्यभागी आणि बाकडं त्याच्या पाठीत." मला हसू आलं नाही. मी सांगून टाकलं. मी समुद्राची नाही, मला पोहता येत नाही, रापण मी धड पाहिलेलीसुद्धा नाही, आणि 'वापरात नाही' हे मी नुसतं अंगावरची माशी झटकावी तसं म्हणाले होते. रडलेही, ते सांगायला हरकत नाही.

"पाहणीच्या दिवशी लाट पायाला लागली तेव्हा तू किंचाळलीस," झाडांची जाणकार म्हणाली. "आम्हाला तेव्हाच कळलं होतं."

सर नेहमीप्रमाणे चिडले नाहीत. "ठीक आहे, तू तज्ज्ञ नाहीस. मग तिथली जागा कोणाची ते कोणाला विचारायचं?" एवढंच म्हणाले.

आणि मला बाबा आठवले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आमच्याकडे नवा गडगा घालायचा असला की बाबा आधी जमिनीवर दोरी टाकून कडेने चुन्याची फक्की मारायचे आणि घरी येऊन बसायचे. गवंडी खोळंबायचे, आई करवादायची, बाबा ढिम्म. "आठ दिस गप रव," म्हणायचे. "कोणाची वाट आसा ता पाय सांगतले." आठ दिवसांनी जाऊन बघायचे. जिथे रेघ पुसली असेल तिथे कोणाची तरी वहिवाट आहे, तिथे गडगा फोडून वाट ठेवायची. भांडण नाही, कोर्ट नाही. मी लहानपणापासून हे बघत आले होते, आणि दोन महिने संगणकावर रेघा मारताना एकदाही आठवलं नव्हतं.

"आपण चौक वाळूवर काढू," मी म्हणाले. "खरा तेवढाच. फक्कीने. आणि गप राहू."

अधिकाऱ्यांना हे पटवणं सोपं नव्हतं. मंजूर आराखडा बदलायचा तर कारण लेखी हवं, 'लोक हसले' हे कारण होत नाही, असं त्यांनी अगदी बरोबर सांगितलं. शेवटी एक दिवस दिला. त्या दिवशी ते स्वतः येऊन बघतील, पटलं तर बदल, नाही तर आहे त्या आराखड्याने दुसऱ्याच आठवड्यात पायऱ्यांची खोदाई सुरू. समुद्राने नेमक्या त्याच दिवशी मासळी आणावी ह्याचा काही अर्ज असतो का, असं सोलापूरकराने बाहेर आल्यावर मला विचारलं.

मी चार दिवस आधी वाडीत जाऊन राहिले, आणि कोणाकडे, तर त्या 'तरीच' म्हणणाऱ्या मावशीकडे. तिच्याच घरात एक खोली रिकामी होती. किनाऱ्यावर एक तिरका माड होता, त्याच्या मागे तिचं घर. पहिल्या संध्याकाळी तिने माझ्यापुढे तारल्यांचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, आणि भात ठेवला आणि मी जेवेपर्यंत पाठ करून मासळी साफ करत बसली. दुसऱ्या दिवशी बोलायला लागली ती थांबेना.

रापणीचा नियम तिनेच मला सांगितला. दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा. मग तो तरणा असो, म्हातारा असो, वाटेने जाणारा अनोळखी असो. मासळी किनाऱ्यावर आली की तांडेल वाटे घालतो, एक जाळ्याचा, एक होडीचा, एक देवाचा, बाकी हातांचे. ती लग्न होऊन आली त्या वर्षापासून दोरीला होती. नवरा गेल्यावर घर त्याच वाट्यावर चाललं. निम्मं खायला, निम्मं पाटीत घालून विकायला. आता गुडघे गेले होते. मागे चालताना दोनदा पडली होती. त्यामुळे ती दोरीच्या अगदी शेपटाला उभी राहायची आणि आलेली दोरी वेटोळं करून ठेवायची. तेही उभ्याने फार वेळ जमत नव्हतं.

तांडेल मला म्हणाला होता, "वाटो घरी पोचवतलंव म्हटला, तर माका शिव्या घालता."

मी तिला विचारलं तर तिने हातातला कोयता खाली ठेवला. "हात लावल्याशिवाय वाटो मी कधी घेवक नाय," म्हणाली. "ज्या दिसा हात पोचाचो नाय, त्या दिसा वाटो नाय. भीक न्हय ती." सांगताना आवाज चढला नव्हता. माझ्या चौकाने गावाची रापण तर जाणारच होती, पण मला त्या क्षणी दिसला तो एका बाईचा वाटा, आणि तो माझ्या सहाव्या क्रमांकाच्या बाकाखाली गाडला जाणार होता.

टीम आली आणि आम्ही पहाटेच्या उजेडात फक्कीने चौक काढला. पायऱ्या, बाकं, दिव्यांच्या खांबांच्या जागी बांबूच्या काठ्या. चौकाची कड उत्तरेला सुरूच्या झाडांखाली आणि मागे होड्यांच्या पलीकडे जात होती. नऊपर्यंत वाऱ्याने अर्ध्या रेघा उडवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढल्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा. वाडीतली माणसं दात घासत येऊन बघायची. "काय गो, क्रिकेटची म्याच आसा काय?" कोणी मुद्दाम बाकाच्या रेघेवर टेकून 'हवा बरी आसा' म्हणायचा. मासळीचा पत्ता नव्हता. तांडेल उत्तरेच्या खडपावर बसून पाण्याकडे बघत राहायचा आणि विचारलं की नुसती मान हलवायचा.

चौथ्या दिवशी वारा पडला होता, पहाटे काढलेल्या रेघा तशाच होत्या, आणि अधिकारी आले. इस्त्रीचा शर्ट, काळे बूट. त्यांना वाळूवरचा चौक फिरून दाखवला. ते म्हणाले, "बाई, खरं सांगू का, हे प्रत्यक्षात आणखीच छान दिसतंय." मी घड्याळाकडे बघितलं. दहा वाजले, साडेदहा वाजले. समुद्र ताटात पाणी ओतावं तसा गप्प. "मी अकराला निघतो," ते म्हणाले आणि शहाळं प्यायला माडाखाली बसले.

अकराला पाच कमी असताना तांडेल खडपावर उभा राहिला. डोक्याचं फडकं सोडून त्याने ते हवेत गोल फिरवलं आणि तेवढ्या लांबून आवाज आला, "इली रे इली! तारली इली! होडी लोटा!"

पुढच्या दोन मिनिटांत त्या रिकाम्या वाळूवर, माझ्या 'वापरात नाही'वर, सगळी वाडी होती. दुकान उघडं टाकून दुकानदार आला, पीठ मळलेल्या हातांनी बायका आल्या. होडी पाण्यात गेली, जाळं अर्धगोल पडत गेलं, दोऱ्यांची टोकं किनाऱ्यावर आली. "बघत काय ऱ्हवलास? धरा!" कोणीतरी ओरडलं आणि आम्ही चौघांनी धरली. अधिकारी शहाळं हातात घेऊन उभे होते. एका बाईने ते काढून घेतलं आणि त्यांच्या हातात दोरी दिली.

ओली दोरी हाताला करवतीसारखी लागते. ती कमरेला घेऊन, टाचा वाळूत रुतवून, अंग मागे टाकून चालायचं. सगळी माणसं उलटी चालत होती. मी दोन महिने त्या किनाऱ्यावर माणसं काढली होती. बसलेली, धावणारी, खाणारी, फुगे उडवणारी. पण उलटं चालणारं माणूस एकही काढलं नव्हतं. मी सारखी मान वळवून मागे बघत होते, तेवढ्यात मागून मावशीचा आवाज आला.

"मागे बघू नको गो. मागे काय नाय. काय नाय म्हणानच ओढूक गावता."

मला ते वाक्य ऐकताच सगळं लख्ख कळलं. ती जागा मोकळी होती कारण तिला मोकळीच ठेवली होती. पिढ्यान्‌पिढ्या कोणीही तिथे साधी खुंटी ठोकली नव्हती, उलटं चालत येणाऱ्याच्या टाचेला लागेल म्हणून. गडगा होता, फक्त तो दगडांचा नव्हता.

माझी टाच कशावरून तरी गेली. खाली बघितलं तर पांढरी फक्की पायाला लागलेली. बाक क्रमांक सहा. मी ते दोन्ही पायांनी पुसलं आणि मोठ्याने हसले. तेवढ्यात पलीकडच्या दोरीवर सर एका काठीला अडखळून वाळूत बसले. तो दिव्याचा तिसरा खांब होता. "हा काढा!" सर ओरडले. सरांना ओरडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

जाळं आलं. पाण्यात आधी चमक दिसली, मग उकळी फुटल्यासारखं पाणी, मग तारल्यांचा आणि बांगड्यांचा ढीग. वाडी नाचत होती. अधिकाऱ्यांच्या शर्टाला खवले चिकटले होते, बुटात वाळू गेली होती आणि ते आपल्या तळहातावरचे फोड सगळ्यांना दाखवत हिंडत होते.

सगळं निवल्यावर सोलापूरकराने ड्रोन वर पाठवला आणि आम्ही सगळे त्या छोट्या पडद्यावर वाकलो. मधला चौक नव्हताच. पायऱ्या, बाकं, खांब, एकूण एक रेघ पायांनी पुसली होती. पांढरं उरलं होतं ते फक्त दोन ठिकाणी. एक उत्तरेला, सुरूच्या झाडांखाली, जिथून खडप सुरू होतं. दुसरं, होड्यांच्या मागची एक अरुंद पट्टी.

अधिकाऱ्यांनी तो पडदा स्वतःच्या हातात घेतला. मग चष्मा कपाळावर चढवला. "लेखी कारण मागितलं होतं ना मी? हा फोटो जोडा. आणि जिथे रेघ उरली आहे, तिथेच बांधा."

तांडेलाने वाटे घातले. आमचे चार, अधिकाऱ्यांचा एक. मी नको नको म्हणत होते, तर मावशीने पानावर सहा बांगडे घालून माझ्या हातात कोंबले. "हात लागलो मां दोरीक? मगे घे. उगाच लाजू नको."

पुढचं काम आम्ही झपाटल्यासारखं केलं. सुरूखाली जांभ्याच्या पायऱ्या, तिथे पर्यटकांनी बसावं, सूर्यास्त तिथूनही पश्चिमेलाच होतो. होड्यांच्या मागच्या पट्टीत मासळी विकणाऱ्या बायकांसाठी कौलारू सावली, पाण्याचा नळ आणि पाटी उतरवायला कमरेएवढा कट्टा. किनाऱ्याच्या कडेला भिंत नाही; आमच्या जाणकार बाईंनी तिथे मर्यादवेल पसरवली, ती वाळू धरून ठेवते आणि तिच्यावरून उलटं चालता येतं. मधे काहीही नाही. नकाशावर त्या वाळूला मी तिरक्या रेघा मारल्या नाहीत, तिथे लिहिलं, 'वापरात आहे, मोकळी ठेवावी'. ऑफिसच्या भिंतीवरचा निळा कागदही बदलला. चार वाक्यं तशीच आहेत, खाली हाताने पाचवं लिहिलंय: माणूस कसा चालतो ते पाहिल्याशिवाय त्याच्या पाठीमागे काही उभं करू नये.

सगळ्या किनाऱ्यावर एकच जागा मी हट्टाने मागून घेतली. दक्षिणेच्या दोरीची शेपटी दर वेळी तिरक्या माडाशी येते. तिथे, पायांच्या वाटेच्या एक हात बाहेर, मी जांभ्याचं एकच बाक घातलं. पाठ नाही, कारण दोरी दोन्ही बाजूंनी घ्यावी लागते. उंची गुडघ्यांना जोर न देता उठता येईल एवढी; त्यासाठी मावशीला तीन वेगवेगळ्या पेट्यांवर बसवून मोजली. कशासाठी मोजते ते तिला सांगितलं नाही, नाही तर मलाही शिव्या बसल्या असत्या.

एकदाचं घोडं गंगेत न्हालं म्हणून उद्घाटनाला मी बाबांनाही बोलावलं. ते एसटीने आले, सगळा किनारा हात मागे बांधून फिरले आणि म्हणाले, "मधी काय बांधूक नाय ता बरा केलंस." बाबांकडून एवढं म्हणजे पुष्कळ. मांडव घातला होता, फीत बांधली होती, पाहुणे भाषणाला उभे राहिले होते. त्यांचं दुसरं वाक्य संपायच्या आत खडपावरून आरोळी आली. खुर्च्या धडाधड पडल्या. फीत कोणी कापली नाही, पहिल्या रांगेतल्या माणसाच्या पोटाने ती तुटली. मी बाबांकडे वळून बघते तर बाबा धोतर खोचून दोरीला लागलेले, आणि पाहुणे त्यांच्या मागे.

मी मात्र त्या बाकाकडे बघत होते. मावशी पाटी घेऊन आली, बाकाला वळसा घालून उभी राहिली. दोरी यायला लागली. तिने एक वेटोळं उभ्याने घातलं, दुसरं घातलं, मग गुडघ्यावर हात ठेवला आणि मागे न बघता खाली बसली. जागा बरोबर होती. दोरी आपोआप तिच्या मांडीशी येत होती. ती ओढून, पिळून, पायाशी गोल गोल ठेवत होती, भराभर, आणि ओढणाऱ्यांवर खेकसत होती, "सैल सोडू नकात रे!" दोरीवरचा शेवटचा हात सुटेपर्यंत ती उठली नाही.

मासळी खूप आली. तांडेलाने वाटे घालायला घेतले. देवाचा झाला, होडीचा झाला, हातांचे मोजत मोजत तो पुढे गेला. माणसं इतकी होती की तो मांडवाकडच्या टोकाला पोचला आणि माडाकडे यायचा राहून गेला. माझ्या मनात आलं, पळत जाऊन सांगावं. पण तेवढ्यात त्या बाकावरून, बसल्या जागेवरून, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा आवाज आला.

"माझो वाटो खंय रे? बसान केलंय म्हणान काय काम न्हय?"

तांडेल कपाळावर हात मारत पाटी घेऊन धावत आला. भीक कोणी अशी मागत नाही. बाबा माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी मला काय झालं विचारलं, आणि मला रडता रडता इतकं हसू येत होतं की सांगताच येईना.